ओल्या खडूची वीस मिनिटं

सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या माजी सैनिक संघाचे आधारस्तंभ मिस्टर ब्लॅकामोर, काउंटीचे सभापती मिस्टर डन्स्टन, रेल्वेच्या विभागीय कचेरीतून खास या समारंभासाठी आलेले मिस्टर ओग्डन, आजचे सत्कारमूर्ती ॲल्विन पॅस्को, त्यांना इतकी वर्षं सांभाळून घेणाऱ्या सौ. एनिड पॅस्को, ओहिंगा स्टेशनातले सर्व सहकारी, हवाई दलातली आमची जुनी मंडळी, आणि मागच्या टेबलांवर घरून आणलेली ताटं झाकून ही भाषणं एकदाची कधी संपतात याची वाट बघणाऱ्या भगिनींनो आणि बंधूंनो,

अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. दहा मिनिटांत माझ्या गॅरेजात गंजलेल्या गाडीचं एक चाकसुद्धा निघत नाही, हे अध्यक्षांना स्वतःच्या अनुभवाने माहीत आहे. तेव्हा थोडं इकडेतिकडे झालं तर सभेने सांभाळून घ्यावं.

मिस्टर ओग्डननी आत्ता फार सुरेख भाषण केलं. ते म्हणाले की ॲल्विन पॅस्को या माणसाने पंचवीस वर्षांच्या नोकरीत नोंदवहीत एकही वेळ चुकीची लिहिली नाही. गाडी सात सतराला आली तर सात सतराच लिहिलं, सात सोळा नाही आणि सात अठराही नाही. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पण मिस्टर ओग्डन, मला आपल्या विधानाला हरकत घ्यायची आहे. रेल्वेच्या वहीत त्याने खोटी वेळ लिहिली नसेल. पण त्याआधी, सरकारी कागदावर, शाईने, चांगल्या वळणदार अक्षरात त्याने एक खोटी वेळ लिहिलेली आहे. मी ती लिहिताना बघितली आहे, कारण मी त्याच्यासमोर दोन हातांच्या अंतरावर उभा होतो.

ॲल्विन, माझा कोट ओढू नकोस. माझ्या बायकोने, एल्सीने कालच इस्त्री केलाय.

मंडळी, हा माणूस वेळेचा किती पक्का आहे हे तुम्हाला सांगायला नको. सभापतीसाहेब माफ करतील, पण त्यांचीच गोष्ट सांगतो. निवडणुकीच्या वर्षी त्यांना पामर्स्टनला सभेसाठी जायचं होतं. फाटकातून आत आले तेव्हा गाडी हलली होती. यांनी हात केला, छत्री हलवली, 'पॅस्को, थांबवा' म्हणून ओरडले. ॲल्विनने काय केलं? टोपी काढली, आदराने झुकून नमस्कार केला आणि गाडी जाऊ दिली. सभापती त्या निवडणुकीत निवडून आले ते ती सभा चुकल्यामुळेच, असं काही लोक म्हणतात. मी त्यात पडत नाही. सांगायचा मुद्दा इतकाच, की जो माणूस काउंटीच्या सभापतीसाठी अर्धं मिनिट गाडी थांबवत नाही, त्याने एकदा एका फिटरसाठी वीस मिनिटं थांबवून धरली. काय थांबवून धरलं, ते सांगायला मी उभा राहिलो आहे.

त्यासाठी मला तुम्हाला बोगनव्हिल बेटावर न्यावं लागेल, चव्वेचाळीस सालात. जे तिथे होते त्यांना सांगायला नको, आणि जे नव्हते ते आमच्याकडून हे सगळं दर वर्षी ऐकून कंटाळले आहेत. तरी थोडक्यात सांगतो. समुद्राकाठी जंगल तोडून केलेली पट्टी, तिच्यावर लोखंडी जाळीचे पत्रे अंथरलेले, दोन्ही बाजूंना चिखल, मागे धूर सोडणारा डोंगर. रोज मलेरियाची गोळी घेऊन घेऊन आम्ही सगळे हळदीसारखे पिवळे पडलो होतो. मी परत आलो तेव्हा धक्क्यावर एल्सी मला ओलांडून पुढे गेली होती. ती म्हणते ओळखलं नाही. मी अजून तिचं ऐकून घेतो.

आपल्या लोकांना वाटतं युद्ध म्हणजे रोज काहीतरी भलतंच घडत असणार. अहो, कसलं काय? आमचं युद्ध म्हणजे गोठ्याचं काम. गाईंना रविवार असतो का? नाताळ असतो? पहाटे धार काढायची, संध्याकाळी धार काढायची, मध्ये शेण उचलायचं. तसंच आमचं. साडेचारला आम्ही फिटर लोक इंजिनं तापवायला घ्यायचो. उजाडताना एक विमान आभाळ बघायला जायचं. त्याने ठीक म्हटलं की साडेसहाच्या सुमाराला पहिली चार राबाउलकडे, तिथल्या धावपट्टीतले खड्डे जपान्यांनी रात्रीत बुजवले असतील तर बॉम्ब टाकून पुन्हा उकरून ठेवायला. त्यांच्या मागून आठ, मोठ्या बॉम्बफेकी विमानांच्या सोबतीला. मग चार न्यू आयर्लंड बेटाच्या किनाऱ्याने, झाडांखाली लपवलेल्या होड्या हुडकायला. दुपारी आमच्याच बेटाच्या दक्षिण टोकाला, जिथे जपानी सैन्य रसद तुटल्यामुळे भाज्यांचे वाफे करून बसलं होतं. संध्याकाळी परत चार. दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून. शेकडो मैल समुद्रावर पसरलेली ती बेटं, आणि रोज त्यांच्यावरून तीच येरझार. आम्ही ते काम चांगलं करत होतो, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. आमच्या तुकडीची विमानं वेळेवर उडायची आणि त्यातली बहुतेक सगळी परत यायची.

पण रोजच्या कामाचा एक धोका असतो. तो गवळ्यालाही माहीत असतो, फिटरलाही आणि स्टेशनमास्तरलाही. हात आपोआप चालायला लागतात. प्रत्येक विमानाची एक वही असायची. पेट्रोल किती भरलं, पोटाखाली बॉम्ब लावला की जादा टाकी लावली, हे फिटरने त्यात लिहायचं, सही करायची, मग वैमानिकाने सही करायची. पहाटे उजेड नाही, वरून पाऊस, कागद भिजतात. म्हणून आम्ही काय करायचो? आदल्या संध्याकाळीच तंबूत बसून उद्याची वही आज भरून टाकायचो. उद्या काय होणार ते ठरलेलंच असायचं ना! कालचीच ओळ खाली उतरवायची आणि सही ठोकायची. सगळेच करायचे. मी जरा जास्त हौसेने करायचो, कारण माझं अक्षर चांगलं होतं.

आता ॲल्विनचं काम काय, ते सांगतो. तो फळ्यावरचा कारकून. तंबूत एक मोठा काळा फळा. त्यावर विमानाचा आकडा, वैमानिकाचं नाव, उड्डाणाची वेळ आणि शेवटच्या रकान्यात पेट्रोल संपण्याची वेळ. ही शेवटची वेळ तो आमच्या वहीवरून काढायचा. वहीत नुसता बॉम्ब असेल तर उड्डाणापासून चार तास. जादा टाकी असेल तर साडेपाच. विमान आलं की नाव पुसायचं. नाही आलं आणि ती वेळ उलटली, तर नावावरून खडूची एक आडवी रेघ.

ती रेघ फार वाईट होती, मंडळी. ती पडली की हे विमान आता आभाळात असूच शकत नाही, असं सगळ्यांनी धरून चालायचं. रेडिओवाले त्याच्यासाठी कान लावून बसलेले असत, ते दुसरीकडे वळायचे. पाण्यावर उतरणारं एक विमान आमच्या भागात फिरायचं, पडलेल्यांना उचलायला. आम्ही त्याला बदक म्हणायचो. बदक एकच, आणि समुद्र केवढा. रेघ पडली की बदक दुसऱ्या कामाला जायचं. मग त्या पोराची खाट रिकामी करायची, पत्रं बांधायची, घरी तार पाठवायची. फळ्याला कारकुनाशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा नियम होता. मोठे साहेबसुद्धा लावत नसत.

आणि एक गोष्ट. त्या दमट हवेत खडू भिजलेल्या बिस्किटासारखे मऊ व्हायचे. फळ्यावर उमटायचेच नाहीत. बाकीचे कारकून ते स्टोव्हवर शेकत बसायचे. ॲल्विनने पत्र्याच्या डब्यात तांदूळ भरून त्यात खडू पुरून ठेवले होते. सबंध बेटावर एकट्या ॲल्विनचे खडू कोरडे असायचे. अमेरिकन लोक येऊन त्याच्याकडून उसने न्यायचे.

आता त्या दिवसाकडे येतो. मंगळवार, एकोणीस सप्टेंबर. माझं विमान चौतीस नंबरचं. त्याचा वैमानिक आपला हॅलम रॉसिटर, जो आत्ता तिसऱ्या रांगेत त्याच्या बायकोच्या, विनीच्या शेजारी बसला आहे आणि हसतो आहे, कारण ही गोष्ट आपल्याला पाठ आहे असं त्याला वाटतं. हॅलम, तुला अर्धीच पाठ आहे.

आदल्या संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे वही भरून टाकली. बॉम्ब एक, टाकी नाही, सही. पहाटे बॉम्ब चढवताना त्याचा हूक तुटला. दुसरा हूक बसवायला तासभर लागला असता. हॅलम म्हणाला, बॉम्ब राहू दे, त्या जागी टाकी लाव, मी वर थांबून बाकीच्यांवर नजर ठेवतो. मी टाकी लावली, पेट्रोलच्या गाडीवाल्याला बोलावून ती भरली. हॅलमने पावसात वहीवर न बघता सही केली. वही फळ्याच्या तंबूकडे गेली. वहीत काय होतं? बॉम्ब एक, टाकी नाही. सहा चाळीसला हॅलम उडाला आणि ॲल्विनने शेवटच्या रकान्यात लिहिलं, दहा चाळीस.

सव्वाआठला राबाउलच्या अलीकडे ढगांची भिंत आडवी आली. चारातली तीन विमानं कशीबशी ग्रीन बेटावर जाऊन उतरली आणि तिथेच अडकली. हॅलम त्यांच्यात नव्हता. त्याचं होकायंत्र बिघडलं होतं, रेडिओ धड चालत नव्हता, आणि तो भलत्याच दिशेला ढगांवरून फिरत होता. हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा इतकंच कळलं की चौतीस नंबर आला नाही.

आमच्यात रीत अशी होती, की विमान परत येईपर्यंत त्याच्या फिटरने विमानाची रिकामी जागा सोडायची नाही. जेवायलाही जायचं नाही. मी एकटाच उभा होतो. दहा-सव्वादहा झाले असतील. पायाशी काहीतरी लागलं म्हणून खाली बघितलं, तर तो सकाळचा तुटलेला हूक. आणि मला आठवलं, की टाकी लावली आहे. पहिल्यांदा मला इतका आनंद झाला म्हणता! हॅलमकडे अजून बारा वाजून दहा मिनिटांपर्यंत पेट्रोल आहे. आणि दुसऱ्या क्षणी वही आठवली. वहीत टाकी नव्हती आणि खाली माझी सही होती.

महिन्याभरापूर्वीच आमच्या मोठ्या साहेबांनी सगळ्यांना उभं करून हुकूम वाचून दाखवला होता. विमानाच्या वहीत जो खोटं लिहील त्याच्यावर सैनिकी खटला, तुरुंग, आणि घरी कळवणार. दुसऱ्या एका तुकडीत अशाच न बघता केलेल्या सहीने दोन माणसं गेली होती. घरी कळवणार हे मला जास्त लागलं. माझे वडील इथल्या चर्चचे कारभारी होते, हे जुन्या मंडळींना आठवत असेल.

आता इथून पुढे, हॅलम, तुला माहीत असलेली गोष्ट अशी आहे. लेस्टर पॉकनॉलच्या, म्हणजे माझ्या लक्षात आलं, तो चिखलातून धावत सुटला, वेळ संपायला दोन मिनिटं असताना तंबूत पोचला, स्वतःची चूक स्वतःच्या तोंडाने सांगितली आणि मित्राचा जीव वाचवला. मोठ्या साहेबांनी सगळ्या तुकडीसमोर हेच सांगितलं होतं. खटल्याऐवजी मला सात दिवस कांदे सोलायला बसवलं, आणि तेही हसत हसत. कागदावर तसंच लिहिलेलं होतं, फिटर पॉकनॉल याने दहा अडतीसला येऊन सांगितले.

मी दहा अडतीसला गेलो नाही.

दहा अडतीसला माझ्या शेजारच्या खांबावरचा फोन वाजला. तंबूतून येणारा फोन. मला कळलं की ॲल्विन आहे. मी उचलला नाही. मी त्या फोनकडे बघत उभा राहिलो. तो थांबला, परत वाजला. दहा चाळीस झाले, रेघेची वेळ झाली. परत वाजला. मी मनाशी म्हणत होतो की हॅलम उतरला असेल कुठेतरी, दुसऱ्या बेटावर असेल, आता येईल, कुणाला काही कळायचंच नाही. माणूस स्वतःला काय काय सांगतो, नाही का? मी बावीस वर्षांचा होतो, पण बाविसाव्या वर्षी माणसाला चांगलं कळत असतं. हॅलम माझ्याच शाळेतला. त्याच्या आईने मला निघताना मोजे विणून दिले होते. ते माझ्या पायात होते.

मग फोन वाजायचा थांबला. तो वाजत होता तोवर मला वाटत होतं की पलीकडे कुणीतरी अजून वाट बघतंय. थांबला तेव्हा मी घाबरलो. तेव्हा पाय उचलले. शौर्य वगैरे काही नाही. मी धावलोही नाही. चालत गेलो.

तंबूत ॲल्विन एकटा होता. आमचे ऑपरेशन्सचे अधिकारी क्रोझियरसाहेब बाहेर रेडिओच्या गाडीत होते आणि तिथून ओरडून विचारत होते, पॅस्को, रेघ मारली का? बदकाला सोडायचंय. ॲल्विन शांतपणे सांगत होता, "सर, खडू ओले झालेत. शेकतोय." मी स्टोव्हकडे बघितलं. पत्र्याच्या झाकणावर पाच-सहा खडू ओळीने मांडलेले. शेजारी तांदळाचा डबा. ते खडू हाडासारखे कोरडे होते. फळ्यावर हॅलमचं नाव तसंच होतं, रेघ नव्हती. वीस मिनिटं हा माणूस कोरडे खडू शेकत उभा होता.

मी म्हणालो, "ॲल्विन, टाकी होती. भरलेली. वहीत नाही, पण होती."

त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. लेखणी उचलली आणि विचारलं, "किती वाजता आलास?"

मी घड्याळाकडे बघितलं. अकराला दोन कमी होते.

"दहा अडतीसला आलास," तो म्हणाला.

"नाही रे ॲल्विन, मी—"

"लेस्टर, इथल्या वेळा मी लिहितो."

आणि त्याने लिहिलं. ज्या मिनिटाला पहिला फोन वाजला, ज्या मिनिटाला मी तो उचलायला हवा होता, ते मिनिट त्याने माझ्या नावापुढे लिहिलं. मग एक खडू उचलला, फळ्यावरचे दहा चाळीस पुसले आणि बारा दहा लिहिलं. आणि दाराशी जाऊन ओरडला की चौतीस नंबरला अजून पेट्रोल आहे, रेडिओ बंद करू नका, बदकाला हलवू नका.

क्रोझियरसाहेब आत आले. त्यांनी कागद वाचला, माझ्याकडे बघितलं, स्टोव्हवरचा एक खडू उचलून दोन बोटांत दाबला. म्हणाले, "वाळले वाटतं." ॲल्विन म्हणाला, "हो सर, आत्ताच." साहेबांनी खाली सही केली. ते एकोणसाठ साली वारले. देव त्यांचं भलं करो. तेव्हापासून ही गोष्ट माहीत असलेली दोनच माणसं जिवंत आहेत, आणि त्यातला एक कधी बोलणार नाही हे तुम्ही जाणताच.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. अकरा वीसला हॅलमचा आवाज आला, विहिरीच्या तळातून यावा तसा. दोन बेटांवरच्या रेडिओवाल्यांनी मिळून त्याला दिशा दिली. बारा वाजून चार मिनिटांनी, ग्रीन बेट डोळ्यांसमोर दिसत असताना, इंजिन थांबलं आणि तो समुद्रात पडला. खांद्याचं हाड मोडलं, रबरी होडी फाटलेली, आणि पोहण्यात हॅलम कसा आहे ते नदीवरच्या सहलीला आपण सर्वांनी पाहिलेलं आहे. बदक नऊ मिनिटांत त्याच्याजवळ उतरलं. ते तिथे होतं, कारण त्याला कुणी परत बोलावलं नव्हतं.

परतीच्या जहाजावर मी ॲल्विनला एकदाच विचारलं, तुला कसं कळलं? तो म्हणाला, पेट्रोलच्या गाडीवाल्याच्या चिठ्ठीत पेट्रोल जास्त दिसत होतं. मग क्रोझियरना का नाही सांगितलंस? तर म्हणाला, "मी सांगितलं असतं तर तू खोटेपणात पकडला गेला असतास. तू सांगितलंस तर ती नुसती चूक. हॅलमला वेळ मी देतच होतो, म्हटलं तुलाही देऊ." मी विचारलं, आणि मी आलोच नसतो तर? "अकराला मी सांगणार होतो. तुझी दोन मिनिटं उरली होती." असा हा माणूस. माझ्यासाठीसुद्धा त्याने घड्याळ लावून ठेवलं होतं.

आता माझं काय झालं ते ऐका. हॅलमने त्याच्या पहिल्या मुलाचं नाव लेस्टर ठेवलं. तो तिथे बसलाय, सहा फूट उंच, माझ्यापेक्षा देखणा. दर वर्षी एकोणीस सप्टेंबरला हॅलम मला घरी बोलावतो, विनी कोकराची तंगडी भाजते, आणि माझ्या नावाने पेला उंचावला जातो. पन्नास साली ॲल्विनची बदली नेमकी या गावात झाली. तो गाडीतून उतरला तेव्हा मी स्टेशनवर होतो. त्याने हात मिळवला आणि विचारलं, गावात राहायला बरी जागा कुठे मिळेल? त्या वर्षीपासून हॅलम त्यालाही बोलवायला लागला, जुना सोबती म्हणून. गेली एकवीस वर्षं एकोणीस सप्टेंबरला हा माणूस माझ्यासमोर बसून माझ्या नावाने पेला उंचावतो. एकदाही त्याच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. मी दर वर्षी ठरवायचो की आज सांगू. आणि दर वर्षी विनी दुसऱ्यांदा वाढायला यायची, आणि मी वाढून घ्यायचो.

एनिड, तुमच्या चेहऱ्यावरून दिसतंय की तुम्हालाही त्याने सांगितलं नव्हतं. मला तीच खात्री करून घ्यायची होती.

शुक्रवारच्या बोटीने ही दोघं सामुद्रधुनी ओलांडून मुलीकडे नेल्सनला जाणार, सफरचंदांच्या बागेत राहणार. मग मी इथे काय करू? यंदाच्या सप्टेंबरात मी पुन्हा ती तंगडी खाऊ, आणि समोर तोही नसेल? आयुष्यभर मी लोकांच्या गाड्या दुरुस्त केल्या, कुणाला खोटं बिल दिलं नाही, सही करायच्या आधी प्रत्येक नट स्वतः आवळून बघतो. गावात लोक म्हणतात पॉकनॉल म्हणजे भरवशाचा माणूस. तो भरवसा माझ्यात कुठून आला? दोन मिनिटं उरली असताना एका कारकुनाने तो मला दिला. त्याला मी आवडत होतो म्हणून नाही, तसे आम्ही तेव्हा फारसे मित्रही नव्हतो. त्याने बघितलं की दोन माणसं हरवली आहेत, एक आभाळात आणि एक जमिनीवर, आणि त्याने दोघांच्याही नावावर रेघ मारली नाही.

तेव्हा मिस्टर ओग्डन, आपल्या कचेरीच्या कागदात एवढी दुरुस्ती करून घ्या. ॲल्विन पॅस्कोने आयुष्यात एकदा खोटी वेळ लिहिली, आणि हा सत्कार खरं तर त्यासाठी व्हायला हवा.

अध्यक्ष महोदय, आपण घड्याळाकडे बघताय, मी आवरतं घेतो. आपण मला बोलायची संधी दिलीत, सभेने शांतपणे ऐकून घेतलं, सर्वांचे आभार. ज्या भगिनींच्या ताटांवरचे पदार्थ माझ्यामुळे गार झाले त्यांनी मोठ्या मनाने घ्यावं. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभेने ते पोटात घालावं. मी जे सत्तावीस वर्षं बोललो नाही, त्याची क्षमा मात्र मी सभेकडे मागत नाही. ती हॅलम रॉसिटरकडे मागतो. तू आभाळात लटकत होतास आणि मी फोन उचलला नाही, हॅलम. मला माफ कर. आणि नाही केलंस, तरी मी ते समजून घेईन.

हॅलम उठलाय. मंडळी, जरा पाय आत घ्या, त्याला वाट द्या. त्याची नजर माझ्यावर नाही, माझ्या मागच्या खुर्चीवर, ॲल्विनवर आहे. सत्तावीस वर्षं मी या दोघांच्या मध्ये उभा होतो. आता बाजूला होतो.